वखारीत पडदा लावताना

वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तू, नवा वापर

या खेपेला कोकणातून आलेली बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. जुनी वखार, वाडा किंवा बंद पडलेले थिएटर पाडायचे नाही, पण तिथे आजच्या पद्धतीचे छोटे सिनेमागृह करायचे आहे. पत्रांतला प्रश्नापुरता मजकूर ठेवून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : खाडीकाठी आमच्या कुटुंबाची जुनी वखार आहे. जांभ्याच्या दोन फुटी भिंती, वर मंगळुरी कौले. आतून लांबी ७८ फूट, रुंदी ३६ फूट, कैचीच्या खालच्या तुळईपर्यंत उंची १६ फूट. मध्ये एकही खांब नाही. अडीचशे खुर्च्यांचे थिएटर होईल का?
(देवगड)

उत्तर : अडीचशे बसवू नका. नीट दिसेल, नीट ऐकू येईल आणि वेळ आली तर सगळे बाहेर पडू शकतील, अशा साधारण एकशे दहा खुर्च्या तुमच्या वखारीत बसतात.

सुरुवातीलाच एक ठरवून टाका. सिनेमागृहाचा कोणताही भार जुन्या भिंतींवर किंवा छप्पर पेलणाऱ्या कैच्यांवर जाता कामा नये. वखारीच्या पोटात लोखंडी सांगाड्याची दुसरी खोली उभी करायची आणि तिचे खांब तिच्या स्वतःच्या पायावर ठेवायचे. जांभ्याचा चिरा उघड्या हवेत वरून कडक होतो, आत मात्र मऊ आणि सच्छिद्र राहतो. त्यात बोल्ट ठोकून स्पीकर लटकवले की सततच्या हादऱ्याने भोक मोठे होत जाते आणि बोल्ट सैल पडतो. सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा हादरा भिंतीतून वाशांत, वाशांतून कौलांत पोहोचतो आणि कौले जागची सरकतात. मग ऐन जुलैत गळती सुरू होते आणि दोष शाकारणीवर, म्हणजे कौले फेरून बसवण्यावर जातो.

नवी खोली जुन्या भिंतीपासून चारी बाजूंनी दीड फूट आत घ्या. त्या फटीतून माणूस आडवा होऊन चालू शकला पाहिजे, म्हणजे ओल, वाळवी, तडा वेळेवर दिसतो. फटीतली जमीन सिमेंटने बंद करू नका, तिथे खडी किंवा चुन्याचा कोबा ठेवा. बहुतेक ठिकाणी इथेच चूक होते. जोत्यावर भिंतीला भिडवून काँक्रीटचा स्लॅब ओतला की जमिनीतली ओल वर यायला वाट शोधते आणि ती वाट भिंतीतून जाते. आधी कोरडी असलेली भिंत दोन पावसाळ्यांत तीन-चार फुटांपर्यंत ओली दिसू लागते. खांबांचे पायेही भिंतीच्या बुडाशी खणू नका. जुन्या भिंतींचे पाये उथळ असतात. पाया आत घेऊन खांब त्यावरच्या आडव्या तुळईच्या टोकावर उभा करा.

आता मापे. दोन्हीकडची फट आणि सांगाड्याची जाडी वजा जाता आतली रुंदी ३२ फूट उरते, ध्वनिशोषक अस्तर लावल्यावर ३१. लांबीत दर्शनी बाजूचे १४ फूट तिकीट, बसायची जागा आणि त्यावरच्या प्रोजेक्टर केबिनसाठी गेले. पडद्यामागे स्पीकरसाठी ५ फूट सोडा. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत साधारण ५५ फूट राहतात.

पडदा २४ फूट रुंद, १० फूट उंच घ्या. रुंद, म्हणजे स्कोप चित्राचे २.३९ ला १ हे प्रमाण त्यात बरोबर बसते. १.८५ ला १ चे चित्र त्याच उंचीत साडेअठरा फूट रुंद येईल, त्यासाठी दोन्ही बाजूंना सरकते काळे पडदे हवेत. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर, वरची साडेतेरावर. आतले छत साडेचौदा फुटांवर येते. एवढ्या रुंदीच्या लोखंडी तुळया दीड फूट खोल होतात. त्या कैच्यांखाली न घेता दोन कैच्यांमधल्या गाळ्यांत वर चढवून बसवा, म्हणजे उंची वाया जात नाही.

पहिल्या रांगेतल्या माणसाला चित्राची वरची कड पाहताना नजर ३५ अंशांपेक्षा जास्त वर उचलावी लागू नये. या मापाने पहिली रांग पडद्यापासून १४ फुटांवर येते. शेवटच्या रांगेतून चित्र निदान ३० अंश रुंद दिसावे, तो हिशेब ४५ फुटांवर संपतो. मधल्या ३१ फुटांत जवळजवळ साडेतीन फुटांच्या अंतराने दहा रांगा बसतात. दोन्ही कडांना चार-चार फुटांची वाट सोडली की एका रांगेत १२ खुर्च्या. रांगा एकाआड एक १२ आणि ११ ठेवा, म्हणजे पुढच्याचे डोके दोन खुर्च्यांच्या मधे येते आणि पायऱ्या कमी उंचीच्या चालतात. पहिली पायरी चार इंच, मागे जाता जाता वाढत शेवटची सहा इंच, एकूण चढ चार फुटांच्या किंचित आत. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या केल्या तर मागच्या रांगांना पुढच्यांच्या डोक्यांच्या रांगा दिसतात. तिसरी रांग पहिलीपेक्षा आठ इंच वर येते. तिथवर वाटेत पायरी न करता १ ला १२ चा उतार द्या आणि त्या रांगेच्या दोन टोकांच्या चार खुर्च्या काढून चाकांच्या खुर्च्यांना जागा ठेवा.

प्रश्न : २४ फुटांच्या पडद्यासाठी पुरवठादार १५ हजार लुमेनचा प्रोजेक्टर घ्या म्हणतो. एवढा लागतो का? जुन्या थिएटरमधला झेनॉन दिव्याचा प्रोजेक्टर स्वस्तात मिळतो आहे, तो चालेल का?
(मालवण)

उत्तर : एवढा लागत नाही. लुमेन हे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप. सिनेमाच्या पडद्यावर मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचे माप) उजेड असावा, असे मानक आहे. २४ गुणिले १० म्हणजे २४० चौरस फूट, त्याला १४ ने गुणले की ३,३६० लुमेन, हे साध्या मॅट पांढऱ्या पडद्यासाठी. स्कोप चित्राला प्रोजेक्टरच्या चिपचा साधारण ७९ टक्के भागच वापरला जातो, केबिनच्या काचेत आणि पडद्याच्या बारीक भोकांत (ती मागच्या स्पीकरचा आवाज येण्यासाठी असतात) आणखी थोडा उजेड जातो. हे धरून सव्वापाच हजार होतात. दिवा जुना होत जातो म्हणून त्याचा उजेड पाऊणपटच उरेल असा हिशेब धरा. सात हजार लुमेनचा लेसर प्रोजेक्टर पुरतो. पंधरा हजाराचा घेतला तर तो कायम मंद करून चालवावा लागेल, आणि एसीवरचा भार व वीजबिल फुकट वाढेल. लेन्स घेताना अंतर भागिले पडद्याची रुंदी हे गुणोत्तर सांगा. केबिन ५६ फुटांवर असेल तर ते २.३ येते.

झेनॉन दिवा थंड असतानाही आत उच्च दाबाचा वायू असतो. तो फुटतो, म्हणून मुखवटा आणि जाड हातमोज्यांशिवाय हाताळत नाहीत. त्याला गरम हवा बाहेर टाकणारी स्वतंत्र नळी लागते, आणि ती कौलातून काढणे म्हणजे गळतीला आमंत्रण. जुने ३५ मिमीचे यंत्र मिळत असेल तर दर्शनी दालनात ठेवायला जरूर घ्या, रोजच्या खेळाला नको.

चित्रपट हार्डडिस्कवर येतो तो कुलूपबंद असतो. त्याची डिजिटल चावी ठरावीक सर्व्हरच्याच नावाने आणि ठरावीक दिवस-वेळेपुरती येते. सर्व्हर बदलला आणि वितरकाला कळवले नाही, तर शुक्रवारी सकाळी पडदा काळाच राहतो. यंत्र घेण्याआधी ज्या वितरकांचे चित्रपट लावायचे त्यांना ते चालते का, हे लेखी विचारा.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या भिंतींना वीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. आता तो फुगून पडतो, मागे पांढरी भुकटी निघते. तिथेच सिनेमाचे दालन करायचे आहे. वॉटरप्रूफ रंग लावून पुढे जाऊ का?
(राजापूर)

उत्तर : रंग अजिबात लावू नका. ती भुकटी म्हणजे लोणा, ओलीबरोबर आलेले क्षार. चिरा ओल पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सोडून देतो. सिमेंटने ती वाट बंद झाली. क्षार गिलाव्यामागे साठतात, वाळताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलाव्याबरोबर चिऱ्याचाही पापुद्रा काढतात. वर रंग चढवला तर हेच अधिक खोलवर होईल.

छिन्नी आणि हलक्या हातोडीने सिमेंट काढा, ब्रेकर मशीन लावू नका. भिंत कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतली की ती परत आत शिरते. जास्त लोणा असेल तिथे कागदाचा लगदा गोड्या पाण्यात कालवून अर्धा इंच जाड थापा, पूर्ण वाळला की सोलून काढा. दोन-तीन वेळा करावे लागते. एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी राहू द्या. मग निदान तीन आठवडे भिजवलेला चुना एक भाग आणि नदीची धुतलेली वाळू तीन भाग, असा गिलावा अर्ध्या इंचापेक्षा पातळ थरांत करा. ओलसर बाजूला वाळूचा एक भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घाला. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी घेऊ नका. दिवाळीनंतर ते माघापर्यंत हे काम चांगले होते. चैत्र-वैशाखात चुना घाईने वाळतो आणि केसासारख्या भेगा पडतात.

पण त्याआधी बाहेर जाऊन जोते पाहा. अंगणाला फरसबंदी करताना जमीन जोत्याच्या वर आली असेल, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल, तर गिलावा सोन्याचा केला तरी टिकणार नाही. अंगण जोत्यापेक्षा निदान नऊ इंच खाली आणि भिंतीपासून बाहेर उतरते हवे.

प्रश्न : कौलांवर पाऊस पडताना शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. कैचीला जिप्समचे फॉल्स सीलिंग टांगले तर आवाज थांबेल का? आत बोललेले घुमते, त्याचे काय?
(सावंतवाडी)

उत्तर : ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. बाहेरचा आवाज वजनाने अडतो, आतले घुमणे मऊ जाड अस्तराने जाते. भिंतीला नुसता फोम चिकटवून पाऊस बंद होत नाही.

कैचीला टांगलेले एकेरी छत दोन कारणांनी फसते. पावसाची थाप टांगण्याच्या सळ्यांतूनच खाली उतरते, आणि जुन्या कैचीवर नवा भार येतो. छत आतल्या स्वतंत्र सांगाड्यावर घ्या. वरून आधी आठ मिमी फायबर सिमेंट बोर्ड, त्यावर दुसरा थर सांधे चुकवून, खाली ७५ मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), घनता ४८ किलो प्रति घनमीटर, मग काळ्या कापडातले शोषक पटल. सांध्यांत न वाळणारे ध्वनिरोधक सीलंट भरा. हाताच्या बोटाएवढी फट राहिली तरी सगळ्या खर्चाचा निम्मा फायदा जातो, आणि ती फट नेहमी वायर किंवा एसीची नळी जिथून जाते तिथे राहते. साधा जिप्सम कोकणच्या दमट हवेत पोटाला येतो, घ्यायचाच तर ओल सोसणारा घ्या. कौले आणि छत यांच्या मधली जागा मोकळी, वारा खेळती ठेवा. वर्षाकाठी शाकारणीला माणूस तिथे चढू शकला पाहिजे, म्हणून छतावर फळ्यांची दोन फुटी वाट करून ठेवा. पुष्कळ आवाज कौलांचा नसून वळचणीखालच्या पत्र्याचा असतो. पागोळ्या पत्र्यावर पडत असतील तर तो पत्रा आधी काढा.

घुमण्यासाठी रिकाम्या दालनात मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर फडफड ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. साधारण ७०० घनमीटरच्या दालनात आवाज विरायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागावा. ०.१६१ गुणिले घनफळ भागिले वेळ, या सूत्राने तिथे सव्वादोनशे चौरस मीटर पृष्ठभागाइतके आवाजाचे पूर्ण शोषण लागते. भरलेल्या कापडी खुर्च्या त्यातला चौथा हिस्सा देतात, उरलेले भिंती, छत आणि वाटेतला गालिचा यांतून आणा. मागची भिंत सगळ्यात जाड अस्तराची हवी, तिथून परतलेला आवाज पुढच्या रांगांत संवाद चिरडतो.

प्रश्न : वाड्याचा कोरीव सागवानी दरवाजा चार फुटी आहे आणि आत उघडतो. तो तसाच ठेवून परवाना मिळेल का? कोणाकडे जायचे? वाडा समुद्रकिल्ल्याजवळ आहे.
(अलिबाग)

उत्तर : दरवाजा तसाच ठेवा, पण बाहेर पडण्याच्या हिशेबात धरू नका. खेळ चालू असताना तो पूर्ण उघडा ठेवून खटक्याने अडकवायचा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सभागृहाची बाहेर पडायची दारे दोन मीटर रुंद आणि बाहेर उघडणारी हवीत, आतून नुसते ढकलल्यावर उघडणाऱ्या दांड्याची. दोन दारे एकमेकांपासून दूर, एक पडद्याकडे आणि एक मागे ठेवा. जुन्या भिंतीत नवे भोक पाडण्यापेक्षा खिडकी निवडा. वरचा लिंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, जागेवर ठेवून फक्त खिडकीखालची भिंत उतरवली तर भार वाहणारा भाग हलत नाही. खिडक्या अरुंद असतील तर संरचना अभियंत्याने लोखंडी चौकट घालूनच रुंदी वाढवावी.

हा विषय कागदापुरता धरू नका. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसे गेली. ट्रान्सफॉर्मर खालच्या पार्किंगमध्ये पेटला, धूर वर दालनात शिरला, आणि जादा खुर्च्यांनी बाहेर जायच्या वाटा अडल्या होत्या. म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर वाड्याच्या बाहेर वेगळ्या खोलीत, आणि वाटेत एकही खुर्ची नाही.

परवाना महाराष्ट्र चित्रपटगृहे (विनियमन) अधिनियमाखाली जिल्हाधिकारी देतात. अग्निशमनाचा दाखला २००६ च्या राज्य कायद्याखाली लागतो, आणि वीज व इमारतीची तपासणी वेगळी होते. तुमच्या बाबतीत आधी दोन नकाशे काढा. पहिला स्मारकाच्या हद्दीचा, कारण कुलाबा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. दुसरा नकाशा भरतीरेषेचा, सीआरझेडसाठी, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांसाठी. देवगडच्या वाचकांनाही हा दुसरा नकाशा लागेल. हे दोन्ही हातात येईपर्यंत वास्तुविशारदाला अंतिम आराखडा करायला सांगू नका.

प्रश्न : बाजारपेठेतली आमची इमारत २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती. तिथे थिएटर करावे का?
(चिपळूण)

उत्तर : पुन्हा पाणी येईल असे धरून करा. भिंतीवर २०२१ ची पाण्याची खूण असेलच. सर्व्हर, ॲम्प्लिफायर, मुख्य वीजपेटी त्या खुणेच्या निदान तीन फूट वर घ्या. वरच्या मजल्यावर जागा नसेल तर हा बेत सोडलेला बरा. खुणेखाली रॉकवूल, प्लायवूड आणि चिकटवलेला गालिचा वापरू नका. तिथे फायबर सिमेंट आणि पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घ्या. जमीन शहाबादी फरशीची, खुर्च्या बोल्टने बसवलेल्या आणि दोन माणसांना एका तासात रांग उचलता येईल अशा. पडद्यामागचे स्पीकर लोखंडी घोड्यावर ठेवून साखळीच्या कप्पीने वर ओढता येतात. पाणी ओसरल्यावर भिंतींतून चिखल गोड्या पाण्याने लगेच धुवा, पण नवे अस्तर लावायची घाई करू नका. दोन फुटी चिऱ्याची भिंत आतून वाळायला महिने लागतात.

प्रश्न : आमच्या छोट्या थिएटरात पावसाळ्यात पडद्यावर काळे ठिपके आले आणि छताच्या वरच्या बाजूने पाणी ठिबकते. कौले मात्र गळत नाहीत. एसी १५ टनांचा आहे, खुर्च्या ११०.
(गुहागर)

उत्तर : ते पाणी पावसाचे नाही, हवेतले आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की २६ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. तुमचे दालन २४ अंशांवर आहे, म्हणजे छताची वरची बाजू आणि एसीच्या नळ्या दव धरण्याच्या तापमानाखाली आल्या. थंड देशांतल्या पुस्तकांत बाष्परोधक थर आतल्या बाजूला दाखवतात. आपल्याकडे तो बाहेरच्या, उबदार बाजूला हवा. छतावर बोर्डाच्या वर सलग पॉलिथिन किंवा फॉइल अंथरा, सांधे एकावर एक सहा इंच चढवून टेपने बंद करा. नळ्यांना निदान एक इंच जाडीचे बंद पेशींचे नायट्राइल रबर गुंडाळा, कापसाचे अस्तर ओले होऊन कुजते.

१५ टन पुरेसे आहेत, मोठा एसी घेऊ नका. ११० माणसांसाठी बाहेरून घ्याव्या लागणाऱ्या ताज्या हवेतली ओल काढण्यातच क्षमतेचा मोठा हिस्सा जातो. मोठे यंत्र खोली झटक्यात थंड करून थांबते आणि ओल तशीच राहते. ताज्या हवेच्या वाटेवर आर्द्रता काढणारे वेगळे यंत्र बसवा आणि खेळ नसलेल्या दिवशीही आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील इतका वेळ ते चालवा. मोठी चूक होते ती सोमवार ते गुरुवार सगळे बंद ठेवण्यात, बुरशी त्याच दिवसांत धरते. बाहेरच्या यंत्राची पाती खाऱ्या हवेने भुसा होतात. ती लेप दिलेली घ्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

पडद्यावरचे ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका, भोकांत पाणी शिरते आणि डाग पसरतो. हवा कोरडी झाल्यावर मऊ ब्रशने वरून खाली झाडा. पडद्याच्या मागच्या बाजूलाही पाहा, बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते. राहिलेले डाग उजेडात दिसतात पण चित्र चालू असताना दिसत नाहीत, असे असेल तर एवढ्यासाठी पडदा बदलू नका.

प्रश्न : आत लाकूड आणि गालिचा आहे. वाळवीचे औषध मारायचे, पण विहीर भिंतीपासून वीस फुटांवर आहे.
(दापोली)

उत्तर : विहिरीचे पाणी पिण्यात असेल तर त्या बाजूला जमिनीत औषध सोडू नका. जांभ्याच्या जमिनीत फटी असतात आणि औषध कुठे निघेल सांगता येत नाही. इतर बाजूंना भिंतीलगत एक-एक फुटावर १२ मिमीची भोके पाडून परवानाधारकाकडून आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे औषध भरून घ्या. विहिरीकडच्या बाजूला जमिनीला टेकणारे लाकूड काढून लोखंडी पाय द्या आणि जुनी भिंत व आतली नवी खोली यांमधल्या फटीतली खडी उघडी ठेवा. वाळवी मातीची नळी बांधत वर चढते, उघड्या जागेत ती लगेच दिसते. पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी घेऊन त्या फटीतून फेरी मारा आणि दिसलेली नळी त्याच वेळी मोडा.